कॉन्सुलेटची खिडकी आता राजारामपुरीत

किस्से कोणी जमवायचे म्हणून जमवत नाही. कपाटामागे रबरबँड पडतात तसे ते पडत राहतात, आणि एखाद्या दिवाळीत कपाट सरकवलं की ढीग निघतो. आमच्या ऑफिसात तर झाडायला घेतलं तरी निघतात.

कोल्हापुरात, राजारामपुरीत आमचं छोटं ट्रॅव्हल ऑफिस. आमचे हे ट्रिपच्या बसेस बघतात, मी व्हिसा बघते. सगळी गिऱ्हाइकं मला वहिनी म्हणतात, माझ्या सासऱ्यांच्या वयाची माणसंसुद्धा. जोडीला राजमती. ती रोज हातकणंगल्याहून रेल्वेने येते. कॉम्प्युटर तिच्या ताब्यात आहे आणि खरं सांगायचं तर मीपण तिच्याच ताब्यात आहे.

पूर्वी व्हिसा म्हणजे मुंबई. संध्याकाळच्या बसमध्ये माणसं भरायची, मांडीवर फायली, पिशवीत चटणी-भाकरी, आणि सकाळी कॉन्सुलेटच्या दारात रांग. मी बरोबर जायची. आत सोडताना प्रत्येकाला बजावायची, "विचारतील तेवढंच बोला." आमच्याकडच्या माणसाला हे कुठलं जमायला! आतल्या साहेबाला उसाचा दर आणि धाकट्या भावाचं लग्न कसं मोडलं, हे सांगून माणसं बाहेर यायची.

मग एकेका कॉन्सुलेटची मेल यायला लागली. आता इथे येऊ नका, अर्ज ऑनलाइन करा, फोटो, कागद सगळं घरूनच पाठवा. ह्यांनी मेल वाचली आणि म्हणाले, "झालं. आता लोक घरबसल्या करणार. तूपण घरी बस."

मी तोंड पाडून बसले होते. पण झालं उलटंच, गर्दी वाढली. समोर साहेब असला की आमचा माणूस रेटून बोलतो. मशीनपुढं त्याचं काही चालत नाही आणि ते त्याला सहन होत नाही. म्हणून तो माझ्याकडे येतो, आधी माझ्याशी भांडतो आणि मग अर्ज भरतो.

देशांची नावं मी सांगणार नाही. अजून पुष्कळ अर्ज पाठवायचेत.

*

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत संपतरावांची फौंड्री आहे. मशिनरीचं प्रदर्शन बघायला ते दर दोन-तीन वर्षांनी परदेशी जातात. मुंबईला जायचे तेव्हा बरोबर गुळाची ढेप न्यायचे. कॉन्सुलेटच्या आत गूळ कोण नेऊ देणार? मग रांगेतल्या सगळ्यांना खडा खडा वाटून मोकळे व्हायचे.

यंदा आले, खुर्ची ओढली आणि पहिला प्रश्न टाकला, "तिथला सायब कोण हाय?"

"साहेब नाही. आता ऑनलाइन आहे."

"आसू दे की. ऑनलाइनवर कोण बसतोय?"

"कोणी बसत नाही हो. कागद आधी मशीनच तपासतं."

संपतराव हसले. लहान पोराला समजावतात तसं म्हणाले, "वहिनी, माझ्याकडंबी मशिनी हायत. एकबी मशीन माणसाबिगर चालत न्हाय. त्यो माणूस शोधा."

मी म्हटलं शोधते. दुसरं काय म्हणणार? अर्ज गेला आणि थोड्या दिवसांत व्हिसा आला. संपतराव आले आणि राजमतीच्या कीबोर्डवर त्यांनी गुळाची अख्खी ढेप ठेवली.

"ही कशाला?" राजमतीने विचारलं.

"त्या माणसाची. सापडला की द्या."

तो माणूस काही सापडला नाही. उन्हाळाभर आम्ही गुळाचा चहा प्यायलो.

*

फोटोचं तर विचारूच नका.

राजमतीच्या गावाकडचा विक्रम, मित्रांबरोबर फिरायला निघालेला. तिने त्याला सांगितलं, एक चांगला फोटो पाठव. त्याने लगेच पाठवला. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात चेन, कानाला फोन, मागे उगवता सूर्य. वर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', त्याखाली 'भावी सरपंच', आणि अगदी खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे.

"अरे, हा तुझ्या फ्लेक्सचा फोटो आहे."

"व्हय. त्योच सगळ्यात चांगला हाय. चौकात महिनाभर हुता."

राजमती पण अशी वस्ताद, तिने तो अपलोड करून बघितला. वेबसाइटने तो जागीच नापास केला. गॉगल काढा, मागची भिंत पांढरी ठेवा, आणि एकाच माणसाचा फोटो पाठवा.

शेवटी त्याला शेजारच्या स्टुडिओत बसवला. गॉगल नाही, चेन शर्टाच्या आत, तोंड बंद, दोन्ही कान दिसतायत. फोटो निघाला आणि विक्रमने तो हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला. गडी अगदी हिरमुसला.

म्हणाला, "वहिनी, ह्या माणसाला व्हिसा मिळंल. पण ह्याला मत कोण देणार?"

*

आता कोडोलीच्या हौसाबाईंचं सांगते. त्या मुंबईला गेल्या तेव्हाचं.

हौसाबाई माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. थोडा ऊस, एक म्हैस, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. एकुलती एक लेक सुवर्णा लग्न होऊन परदेशी गेलेली. तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा बाळंतपणासाठी आईने जायचं ठरलं. तेव्हा त्या देशाच्या मुलाखती खिडकीवरच व्हायच्या.

मी नेहमीसारखं बजावलं, "मावशी, विचारतील तेवढंच बोला." आणि इतक्या वर्षांत माझं ऐकणारं पहिलं माणूस निघालं ते ह्याच.

साहेबाने विचारलं, घरी कोण कोण असतं? ह्या म्हणाल्या, "कोण न्हाय. एकटीच हाय."

संपलं. लेक तिकडे, इथे कोणी नाही, मग ही बाई परत कशाला येईल? नकाराचा शिक्का. बाहेर येऊन त्यांनी मलाच विचारलं. "खरं बोलले की वैनी. मग न्हाय का म्हणाला?"

त्या खेपेला सुवर्णाचं बाळ राहिलं नाही. त्यात व्हिसाचा काही दोष नव्हता. पण जावई कामावर, लेक तिकडे दवाखान्यातून आल्यावर एकटी रडतेय आणि आई इकडे कानाला फोन धरून बसलीय, हे मात्र व्हिसामुळेच झालं. मला ते फार लागलं होतं.

यंदा सुवर्णाला परत दिवस गेले. हौसाबाई ऑफिसात आल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. "ह्या खेपेला मी पायजे," एवढंच म्हणाल्या. आणि तोवर तो देशही ऑनलाइन झालेला. मागचा नकार त्यांच्याकडे नोंदलेला असतो, त्यामुळे राजमती म्हणाली, घाई नको, कागद नीट करू. जमिनीचा उतारा, दूध संस्थेचा दाखला, सगळं जमवायला वेळ जात होता आणि तिकडे सुवर्णाचे महिने भरत चालले होते.

*

मधल्या काळात राजमतीच्या मामा-मामींचा अर्ज होता. दोघं धर्माचं कडक पाळणारे. सूर्य मावळला की अन्न नाही. पार उत्तरेकडच्या एका देशात फिरायला निघाले होते, मामांना बर्फ बघायचा होता म्हणून डिसेंबर धरलेला. अर्ज गेलासुद्धा. मग राजमतीला काय सुचलं कोण जाणे, तिने तिथल्या सूर्यास्ताची वेळ काढली. दुपारीच मावळतोय!

मामांना फोन केला. मामांनी वेळ परत विचारून घेतली. मग म्हणाले, "म्हंजे दुपारचं जेवून उठायचं आन परत जेवायला बसायचं?"

तारीख बदलून जून केली. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री उशिरापर्यंत असतो. अर्जात तारीख बदलली की एक चौकट उघडते, बदलाचं कारण लिहा. आजारपण, रजा, लग्नकार्य असं लोक लिहितात. राजमतीने इंग्रजीत लिहिलं, 'सूर्यास्त'. मी म्हटलं, अगं, हाणतील. तर मंजूर झालं, एक प्रश्न नाही.

परत आल्यावर मामी पेढे घेऊन ऑफिसात आल्या. मी विचारलं, कसा होता देश?

"देश चांगला हाय. पण सूर्य घरला जायचं नावच घेत न्हाय. ह्यांचं आपलं रात्री धा वाजंपतूर खाणं चालू. मी फिरायला गेलते का पोळ्या करायला?"

*

तात्या म्हणजे पेठेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मुलाकडे निघालेले. त्यांच्या अर्जात शेवटी सुरक्षेचे प्रश्न होते. मी मराठीत सांगायचं, त्यांनी उत्तर द्यायचं, राजमतीने भरायचं.

"तात्या, तुम्ही कुठल्या संस्थेचे सभासद आहात?"

तात्या सावरून बसले. "ल्ही. तालीम. गणेश मंडळ. फुटबॉलचा संघ. पतसंस्था. भिशी. सकाळी फिरायला जातो त्यो ग्रुप."

"जागा संपली," राजमती म्हणाली.

"मग भिशी काढ. पण तालीम वरच ऱ्हाऊ दे."

पुढचा प्रश्न आला. मी वाचला. "हिंसेचा वापर करणाऱ्या एखाद्या गटाला तुम्ही कधी पाठिंबा दिला आहे का?"

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चांगला विचार केला.

"मॅच हरल्यावरचं विचारतायत का जिंकल्यावरचं?"

राजमतीने त्यांच्याकडे न बघता 'नाही'वर टिचकी मारली. तात्या उठूनच उभे राहिले.

"आगं, मला इचार तरी. पेठेत कळलं तर लोक काय म्हणतील, तात्या पाठिंबा देत न्हाय?"

*

हौसाबाईंचे कागद जमले. आता राहिला व्हिडिओ. त्या देशाने खिडकीवरची मुलाखत बंद करून हे नवीन काढलंय. फोनच्या स्क्रीनवर प्रश्न येतो, मदतनीसाने कॅमेऱ्यामागून तो वाचून दाखवायचा, अर्जदाराने आपल्या भाषेत उत्तर द्यायचं. ते रेकॉर्ड होतं आणि जातं. अट एकच, चौकटीत अर्जदाराशिवाय दुसरं माणूस दिसता कामा नये.

म्हैस नुकती व्यालेली, त्यामुळे हौसाबाई कोल्हापूरला येईनात. म्हणून मी आणि राजमतीच कोडोलीला गेलो.

जाऊन बघतो तर बाहेरच्या सोप्यात सगळी भावकी. दीर, जाऊ, पुतणे, शेजारणी. हौसाबाई नवीन लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन मधोमध खुर्चीत. सगळ्यांना वाटलेलं, ग्रुप फोटो आहे. राजमतीने सगळ्यांना बाहेर काढलं, दीर जरा रागावलेच. दार लावलं, फोन स्टँडला लावला आणि सुरू केलं.

स्क्रीनवर लाल अक्षरं आली, चौकटीत दोन माणसं आहेत.

मागच्या खिडकीतून एक पुतण्या डोकावत होता. खिडकी लावली. परत लाल अक्षरं. कॉट बघितली, दाराची फट बघितली, कोणी नाही. मग राजमतीने मला कोपराने ढोसलं आणि भिंतीकडे दाखवलं.

हौसाबाईंच्या खुर्चीमागे, बरोबर त्यांच्या खांद्यावर, त्यांच्या मालकांचा फोटो होता. फेटा, भरघोस मिशा, चंदनाचा हार, आणि नजर थेट कॅमेऱ्यात. मशीन त्यांनाच धरत होतं.

आता हे सांगायचं कोणी? राजमती, जी कोणालाही काहीही बोलते, ती खाली बघायला लागली. मी म्हटलं, "मावशी, आपण खुर्ची दुसरीकडे..." पण उजेड तेवढ्याच भिंतीला होता.

हौसाबाईंनी मागे वळून बघितलं. त्यांच्या लक्षात आलं. स्वतःच स्टूल घेतलं, चढल्या, फोटो काढला, पदराने काच पुसली. "जरा आत बसा," फोटोला म्हणाल्या. "लेकीचं काम हाय." आत नेऊन कॉटवर उशीला टेकवून ठेवला आणि पंखा लावून बाहेर आल्या.

मग मशीन चालू झालं. नाव काय, कोणाकडे जाताय, किती दिवस, खर्च कोण करणार. हौसाबाई ठणठणीत बोलत होत्या. मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते. शेवटचा प्रश्न आला, मागच्या खेपेला नडला तोच. मी वाचला, "तुम्ही प्रवासाला गेल्यावर तुमच्या घरी कोण असेल?"

ह्याचं उत्तर आम्ही चांगलं घोकून घेतलं होतं. दीर आहेत, जाऊ आहे, पुतणे आहेत म्हणा. खोटं काहीच नव्हतं त्यात, सगळे भिंतीपलीकडेच तर राहतात. हौसाबाईंनी मागे वळून रिकाम्या भिंतीकडे बघितलं.

"थांबा," म्हणाल्या आणि उठल्याच.

स्क्रीनवर वेळ पळत होता. राजमती हातवारे करत होती. हौसाबाई आत गेल्या, आल्या, खुर्चीत बसल्या, आणि फोटो मांडीवर उभा धरून कॅमेऱ्याला दाखवला.

"हे हायत की."

लाल अक्षरं आली. चौकटीत दोन माणसं आहेत. आणि त्याखाली, हे उत्तर पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाही, असंच पाठवायचं का?

नाही म्हटलं तर सगळा अर्ज पहिल्यापासून, आणि तोवर सुवर्णाचे दिवस भरणार. हो म्हटलं तर कदाचित दुसरा नकार. मी सगळं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खरं बोललेय. धाडा," म्हणाल्या.

राजमतीने बटण दाबलं.

त्यानंतर रोज सकाळी राजमती पर्स खांद्यावरून न काढताच मेल उघडून बघायची. एके दिवशी मेल आली. व्हिसा नव्हता, नकारही नव्हता, नुसता एक प्रश्न होता. व्हिडिओमध्ये अर्जदाराबरोबर दुसरी व्यक्ती दिसते, ती व्यक्तीही प्रवास करणार आहे का?

मी हौसाबाईंना फोन लावला आणि वाचून दाखवलं. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं.

"न्हाय म्हणावं," त्या म्हणाल्या. "ते घरीच थांबणार. म्हणून तर मला माघारी यायचं हाय."

"मावशी, असंच लिहू?"

"मग कसं ल्ह्यायचं?"

राजमतीने तसंच्या तसं इंग्रजीत टाइप केलं आणि पाठवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिच्याही आलं होतं, पण ती म्हणाली स्क्रीनचा त्रास होतोय.

चार-पाच दिवसांनी व्हिसा आला. बाळंतपणाच्या आधी आरामात पोचता येईल, असा. मी तिथल्या तिथे फोन लावला.

"हौसामावशी, झालं. व्हिसा आला."

"थांबा वैनी," त्या म्हणाल्या, "आधी त्यांना सांगून येते."

आणि फोन तसाच ठेवून गेल्या.